बरं हाये, चाल आता

माझ्या मायनं निम्मं जग पाहिलं आणि सगळ्या जगाला मिळून एकच शेरा दिला. "बरं हाये. चाल आता."

सिंगापूरला तोंडातून पाणी सोडणारा तो सिंह पाहिला. बरं हाये, चाल आता. दुबईला मान मोडेपर्यंत उंच इमारत पाहिली. बरं हाये, चाल आता. पॅरिसच्या लोखंडी टॉवरसमोर तर मी तिचं तोंड न्याहाळत उभी होते, म्हटलं इथे तरी डोळे मोठे होतील. पुसदच्या बाजारात वांगं दाबून पाहायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिनं त्या टॉवरला दिला. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं हाये. चाल आता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी गणिताची मास्तरीण. पुसदच्या शाळेत पोरांना अपूर्णांक शिकवता शिकवता केस पांढरे झाले. लग्न केलं नाही. काहून नाही केलं असं कोणी विचारलं तर सांगते, त्याच्याऐवजी फिरले. हे उत्तर लोकांना आवडत नाही, पण मला फार आवडतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की बॅग भरायची आणि निघायचं. आधी देश पाहिला, मग देशाबाहेर पडले, आणि वडील गेल्यावर माय घाटंजीकडचं गाव सोडून माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिलाही सोबत न्यायला लागले.

माय सारा जन्म लोकांच्या वावरात राबलेली. निंदण, डवरणीमागची कामं, कापूस वेचणी. माझ्या मोठ्या भावानं, दादानं, स्वतःचं वावर घेतलं ते फार नंतर. तिच्या पासपोर्टच्या वेळी मजाच झाली. यंत्रावर तिनं बोटं ठेवली तर ठसेच उमटेनात. बोंडांची टोकं लागून लागून बोटं पार गुळगुळीत झालेली. तिथली मुलगी बिचारी गोड होती, मलम लावा, रुमालानं पुसा, परत ठेवा असं करत राहिली. शेवटी माय तिला म्हणाली, "पोरी, तुह्या मशीनले सांग, इतकी वर्सं कापूस येचला, आता ठसे कुठून आणू?" ती मुलगी हसली, मायही हसली, आणि तेवढ्यात एक अंगठा उमटला एकदाचा.

आता तिच्या पातळाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्या पातळानंच केला. माय पांढरं नेसते. आमच्या घरात आज्याच्या काळापासून बुद्धवंदना आहे. पौर्णिमेला, विहारात जाताना पांढरं नेसायचं, हे तर सगळ्याच बाया करतात. पण मायनं साठी उलटल्यावर बाकीचे रंग सोडूनच दिले. बारीक निळी किनार असलेलं पांढरं सुती पातळ, बारा महिने, घरी आणि विमानातही. आमच्याकडच्या गावांत असं पातळ रस्त्यानं चाललेलं दिसलं की लोकांना विचारावं लागत नाही, बाईचं घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते. माय त्याबद्दल काही बोलत नाही. पदर नीट करते आणि चालत राहते.

परदेशात मात्र त्या पातळाचा मला भारी फायदा व्हायचा. माय मोबाइल वापरत नाही. "मी काय हारवून राह्यली का, मले कायले पाह्यजे?" म्हणते. तर गर्दीत कुठेही चुकामूक झाली की मी नुसती मान उंच करायची. पॅरिसच्या चौकात काळ्या-करड्या कोटांच्या समुद्रात मायचं पांढरं पातळ, त्याखाली माझे जुने बूट आणि वरून दादाचं खाकी स्वेटर. एका क्षणात सापडायची. आमच्या टूरवाल्या पोराच्या हातात झेंडा असायचा, पण त्याचं काम मायच करायची. "मावशीच्या मागं चला," असं तो बाकीच्यांना सांगायचा.

आणि फोटो! ती उभी राहिली की लोक यायचे. कोरियाच्या मुली, जर्मनीचे म्हातारे, कोण कुठले. हातानं विचारायचे, एक फोटो? माय उभी राहायची ताठ, एक हात पदरावर. ते तिच्या आजूबाजूला दात काढून उभे राहायचे, थँक्यू म्हणायचे, निघून जायचे. मी तर फुगून जायचे नुसती. घाटंजीच्या वावरातली माझी माय कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये जगभर पसरली! दादाला मी हौसेनं सांगायचे, "माय फेमस झाली रे इकडे." आणि फोटो झाला की माय म्हणायची, चाल आता.

स्वित्झर्लंडच्या बर्फात मी एकदाची फुटलेच.

"अवं माय, लोकं इथं यायले जीव टाकतात. चित्रात पाहून पाहून मरतात. अन तुले काहीच वाटत नाई?"

"बरं हाये म्हटलं न," ती म्हणाली. "वाईट हाये असं थोडीच म्हटलं?"

मी हात टेकले. त्या दिवशी हॉटेलात पास्त्याचं ताट समोर आलं, त्यावर तिनं पिशवीतली जवसाची चटणी भुरभुरवली, दोन घास खाल्ले आणि "हे बरं झालं" म्हणाली. एवढा मोठा आल्प्स पर्वत, आणि कौतुक झालं ते चटणीचं.

मला दुसरं काही नको होतं हो. एकदा, फक्त एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं की पोरी, इथं आणखी थांबू. जिनं जन्मभर कधी स्वतःच्या मर्जीनं कुठं बूड टेकलं नाही, तिला एकदा तरी एखाद्या जागेवरून उठावंसं वाटू नये, एवढंच. शाळेतल्या पोरांकडून मी भल्याभल्या अवघड गणितांची उत्तरं काढून घेतली, पण मायकडून हे एक काही निघेना. आणि त्यात दादा.

दादा माझ्याहून मोठा, गावीच असतो, कापूस आणि तूर पेरतो. तो फोनवर म्हणाला, "तिले कायले फरफटत नेतं तू? तिले आपल्या वावराच्या धुऱ्यावर बसव, मंग पाह्य कशी खुलते. तुह्या त्या बर्फात काय ठेवलं हाये?" आमची जुंपली. जुंपली की आम्ही दोघं पोरासोरांसारखे भांडतो, वयाचं भान राहत नाही. शेवटी ठरलं असं, की आणखी एकच खेप. तिथंही माय 'बरं हाये' म्हणाली तर तिचा पासपोर्ट दादाच्या कपाटात जाणार आणि मी यापुढे एकटी हिंडणार. मायला विचारलं तर तिनं तांदूळ निवडताना मान वर न करता सांगितलं, "देऊन टाक त्याले." म्हणजे तिच्या दृष्टीनं विषयच संपला होता. माझा मात्र नाही. एकटीनं हिंडायची सवय मोडली होती माझी.

मी विचार करून श्रीलंका निवडली. जवळ आहे, भात मिळतो, थंडी नाही. आम्ही दोघी आणि एक भाड्याची गाडी. गाडीवाला मधल्या वयाचा, टीव्हीवरच्या मालिका पाहून हिंदी शिकलेला, मायला अम्मा म्हणायचा. समुद्र पाहिला, बरं हाये. चहाचे मळे पाहिले. तिथे बाया पाठीला टोपल्या बांधून पानं खुडत होत्या. माय त्यांच्याकडे पाहत जरा जास्त वेळ उभी राहिली, माझी आशा पालवली. मग म्हणाली, "उभ्यानं येचाचं काम हाये, कंबर वाचते. चाल आता."

मग आलं कँडी. तिथे तळ्याकाठी ते मोठं विहार आहे, जिथे बुद्धाचा दंतधातू, म्हणजे दात, जपून ठेवलाय. सकाळी माय लवकर उठली, कडक इस्तरीचं पातळ नेसली. मी बॅगेतून मिरचीसारखा लाल कुर्ता काढला.

"आज पुनव हाये," ती म्हणाली. "आज तरी पांढरं घालतीस."

"माय, आपण फिरायले आलो. अन दोघी पांढऱ्या झालो तर तुले शोधू कशी मी?"

गाडीवाल्यानंही सांगून पाहिलं, "मॅडम, आज पोया है, बहुत भीड." पोया म्हणजे पुनवच, हे नंतर कळलं; तेव्हा तिथला काही उत्सव असेल असं मला वाटलं आणि मी खिडकीतून तळं पाहत बसले. आता ही गणिताची मास्तरीण! दर पुनवेला ज्या बाईच्या घरात खीर शिजते, तिला हे सुचू नये की आख्खा देशच जिथे बुद्धाचा, तिथे पुनवेला काय होत असेल?

गाडीतून उतरलो आणि फाटकातून आत गेलो. चपला ठेवायच्या खिडकीपाशी रांग होती. मी मायला एका झाडाखाली उभं केलं. "इथंच राह्य. हालू नको." दोघींच्या चपला घेऊन रांगेत लागले, ठेवल्या, बिल्ला घेतला, आणि वळले.

झाडाखाली माय नव्हती.

मी नेहमीसारखी मान उंच केली. समोरचं आख्खं अंगण पांढरं होतं. म्हाताऱ्या, तरण्या, पोरं, बाप्ये, सगळे पांढऱ्यात. पांढरी पातळं, पांढरी लुगड्यासारखी वस्त्रं, पांढरे सदरे. हातात कमळं घेतलेले लोक फाटकातून येतच होते, येतच होते, आणि सगळे पांढरे. इतकी वर्षं जो माझा हुकमी एक्का होता, त्याची नेमकी इथे माती झाली.

मी धावले. एका म्हातारीच्या खांद्याला हात लावला, "माय!" ती वळली, तोंडभर हसली, माय नव्हती. दुसरीला गाठलं. तिनं माझा गाल कुरवाळला आणि फूल दिलं. तीही नव्हती. पाठमोऱ्या सगळ्या मायच वाटत होत्या. बुटक्या, मानेवर पांढऱ्या केसांची गाठ, जराशा वाकलेल्या. एक पोलीसबाई दिसली. मी इंग्रजीतून घाईघाईनं सांगितलं की माझी म्हातारी आई हरवली, तिला आमच्या भाषेशिवाय काही येत नाही.

"कपडे कोणते?" तिनं विचारलं.

"पांढरे," मी ठणकावून सांगितलं.

तिनं एकदा अंगणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. हसू आवरताना बिचारीचं तोंड वाकडं झालं. मी मात्र रडायच्या बेतात होते. दादाला काय सांगू? परक्या देशात मायला हरवून आले म्हणून सांगू? जीव नुसता टांगणीला लागला. मी तिथेच, वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशी आरोळी ठोकली, "मायऽऽ वोऽऽ!"

कोणीच ओ दिली नाही. आणि त्याच वेळी भोंग्यावर वंदना सुरू झाली. सगळं अंगण बघता बघता खाली बसलं. बसलेल्या पांढऱ्या माणसांच्या मधोमध मी एकटी उभी, लालभडक. लोक वळून वळून माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही, कोणी हसूनही नाही, नुसते पाहत होते, ही कोण म्हणून. मला कुठं पाहावं कळेना, हात कुठं ठेवावा कळेना. पाहते तर माझा हात आपोआप ओढणीवर जाऊन बसला होता आणि ओढणी सारखी करत होता.

तेवढ्यात दूर, बायांच्या ओळीत, एक हात वर झाला आणि हलला.

माय मांडी घालून मजेत बसली होती. बसलेल्या बायांमधून वाट काढत, चारचौघींच्या मांड्यांना ठेचकाळत मी तिच्यापर्यंत पोचले. जीव भांड्यात पडला आणि पडल्या पडल्या तोंड सुटलं. "कुठी गेलती तू? तुले हालू नको म्हटलं होतं न? मी इथं पागल होऊन राह्यली!"

"हळू बोल, वंदना चालू हाये," माय म्हणाली. "ह्या बाईनं हात धरला, मी आली. तू कायले भेली? तू तर तिथून इथपर्यंत दिसून राह्यली होती. इतकी लाल हायेस."

शेजारच्या बाईनं सरकून मला जागा दिली. ती मायच्याच वयाची, काळीसावळी, समोरचा एक दात नसलेली. मी बसले. आणि मग ऐकलं, माय वंदना म्हणत होती. लहानपणापासून आमच्या विहारात म्हणतो तीच, पालीतली. शब्द तेच, चाल जराशी वेगळी. सुरुवातीला माय एका ओळीनं पुढं पळत होती, मग तिनं कान दिला आणि त्यांच्या चालीत शिरली. ज्या बाईला सिंगापुरात पाणी मागता येत नव्हतं, ती इथे सगळ्यांच्या बरोबरीनं, मोठ्यानं, न अडखळता म्हणत होती. मीच शब्द मधेमधे विसरत होते.

वंदना झाली तरी कोणी उठलं नाही. शेजारणीनं कमळाच्या कळ्या काढल्या आणि एकेक पाकळी आत दुमडून कळीचं फूल कसं करायचं ते मायला दाखवलं. मायनं एकदा पाहिलं आणि तिची बोटं चालू लागली, कापूस वेचताना चालायची तशीच भरभर. ठसे नसलेली ती बोटं पाकळीला ओरखडा न पाडता दुमडत होती. शेजारीण तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि तिनं आपल्या वाटणीच्या कळ्याही मायपुढं सरकवल्या. ती सिंहलीत बोलत होती, माय वऱ्हाडीत बोलत होती. "तुले किती नातू?" मायनं विचारलं. तिनं काहीतरी लांबलचक सांगितलं. "हो न वो, असंच असते," माय म्हणाली. दोघींचं छान चाललं होतं, मधे माझी गरजच नव्हती.

दुपारी कोणीतरी सगळ्यांना पानात बांधलेला भात वाटला. सोबत नारळाची लाल चटणी. मायनं पिशवीतून आपली जवसाची काढली आणि ओळीतल्या बायांच्या भातावर चिमूट चिमूट घातली. शेजारणीनं खाऊन डोळे मिटले आणि परत पान पुढं केलं.

गाडीवाल्याचा फोन आला. मोठा सरकारी बगीचा पाहायचा राहिला होता, तो बंद होईल म्हणत होता. मी सवयीनं उठले, ओढणी झटकली.

"चाल माय, बगीचा पाह्याचा हाये."

माय हातातल्या कळीची पाकळी दुमडत होती. "बस जराशी," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?"

"बस म्हटलं न. काय घाई हाये? बगीचा काय पळून जाते?"

मी बसले. डोळे भरून आले होते, ते ओढणीनं पुसले आणि कळी उचलली. मला एकही धड जमली नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

तळ्याच्या कठड्यावर टेकून परत गाडीची वाट पाहत होतो तेव्हा दादाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन मायच्या हातात दिला. आता बोल बेट्या, असं मी मनात म्हटलं.

"मंग माय, कसं हाये तिकडचं?"

"बरं हाये," माय म्हणाली.

दादा एवढ्यानं हसला की कठड्यावरचा बगळा उडाला. "आण पासपोर्ट!" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी मायवर उखडले. "दिवसभर तिथून उठायले तयार नव्हती, अन त्याले सांगतं बरं हाये?"

"त्याले फोनवर काय सांगू?" माय म्हणाली. ती तळ्याकडे पाहत होती. "तू मले इतके देश दाखवाले नेलं पोरी. पण जाव तिथं लोकच मले पाह्यत. फोटो काय काढत, वळून वळून काय पाह्यत. अशा वक्ती आपण काय पाह्याचं? मले वाटे, कव्हा इथून निघतो. इथं मले कोणीच नाई पाह्यलं. म्हून मी पाह्यलं."

सकाळी त्या अंगणात उभं राहून आले नसते, तर मला तिचं म्हणणं समजलंही नसतं.

"अन पासपोर्ट त्याले देऊ नको," माय म्हणाली. "पाहू, कुठं कुठं पुनव असते ते."

पुसदला आमच्या समोरच्या खोलीत आता एकच फोटो टांगलाय. पॅरिसचा नाही, बर्फातलाही नाही. त्या दुपारी मी मागून काढलेला, पांढऱ्या पातळातल्या पाठमोऱ्या बायांची लांब ओळ. दादा तुरीचं पोतं घेऊन आला तेव्हा त्यानं चष्मा लावून फोटो पाहिला आणि ठामपणे एका पाठीवर बोट ठेवलं. "हे माय."

"थे मी नोहो," माय म्हणाली.

त्यानं दुसरीवर ठेवलं, मग तिसरीवर. माय पदर तोंडाला लावून हसत राहिली. शेवटी दादानं हार मानली आणि माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठं माहीत होतं? मायला विचारलं तर ती सांगत नाही. "पाह्य बरं," म्हणते, "सापडते का."